सगळ्यांनी लूम थांबवण्याचा ठराव

गेल्या वर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या थोरल्या भावाच्या चटई कारखान्याची वीजजोडणी कायमची तोडण्यात आली. तसा अर्ज भावानेच दिला होता. वीज कंपनीचे दोघे आले. त्यांनी मीटर काढला, कागदावर सही घेतली आणि मोटारसायकलवरून निघून गेले. त्या वेळी कारखान्यात आठ लूम, काडी ओढण्याचे एक यंत्र आणि गोदामात छतापर्यंत रचलेल्या चटया होत्या. कामगार एकही नव्हता.

मी जळगावातल्या एका दैनिकात बाजारपेठेचे पान पाहतो. भावाचा कारखाना त्या पानाचा विषय कधीच नव्हता. आठ लुमांच्या कारखान्याची बातमी होत नाही. पण श्रावणापासून डिसेंबरपर्यंत जे घडले त्यातले बरेचसे माझ्यासमोर घडले. जे समोर घडले नाही ते निदान दोघांना विचारून घेतले आहे.

प्लास्टिकची चटई तयार करण्याची रीत साधी आहे. जुन्या बादल्या, मोडक्या खुर्च्या, फाटक्या चटया वितळवून त्यांचा दाणा करतात. दाणा पुन्हा वितळवून त्याची पोकळ रंगीत काडी ओढतात. ती काडी लूमवर सुतात विणली की चटई होते. दाण्याचा भाव खनिज तेलाच्या भावामागे फिरतो. तो जळगावात कोणाच्या हातात नाही. चटईचा भाव इंदूर, नागपूर आणि हैदराबादचे ठोक व्यापारी फोनवर सांगतात. तोही हातात नाही. आज किती लूम चालवायचे, एवढेच काय ते मालक ठरवतो.

चटई खपते दिवाळीनंतर, लग्नसराईत. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसते. तरी पावसाळ्यात लूम चालू ठेवायची इथे पद्धत आहे आणि तिचे कारण विणकर आहेत. ते बहुतेक उत्तर प्रदेश आणि बिहारचे. त्यांना मजुरी चटईमागे मिळते, बसून मिळत नाही. ज्याने पावसाळ्यात लूम थांबवले त्याचे विणकर दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेडमध्ये जातात आणि हंगामात परत येत नाहीत. त्यामुळे चार महिने प्रत्येक जण विणतो, गोदाम भरतो आणि दिवाळीनंतर भाव चढण्याची वाट पाहतो. भावाने वीसएक वर्षे हेच केले होते.

गेल्या वर्षी अडचण अशी झाली की आदल्या हंगामाचाच माल शिल्लक होता. श्रावण लागला तेव्हा भावाच्या गोदामात माणूस अंग तिरके करूनच आत जाऊ शकत होता.

भावाची मुलगी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. विषय अर्थशास्त्र. ती दुपारी कारखान्याच्या ऑफिसात येऊन बसायची, कारण तिथे पंखा होता आणि घरी पाहुणे. मीही त्या बाजूला गेलो की थांबायचो. आमच्या दैनिकात तेव्हा स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी रोज अर्थशास्त्राच्या एका तत्त्वाची चौकट छापत होते आणि ती लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. मागणी, पुरवठा, स्थिर खर्च, बदलता खर्च. पुतणीचे पुस्तक मला त्यासाठी उपयोगी पडायचे.

एका दुपारी ती मागणीचा नियम मोठ्याने वाचत होती. इतर परिस्थिती स्थिर असताना किंमत वाढली तर मागणी घटते, किंमत घटली तर मागणी वाढते. भाऊ दारात उभे राहून ऐकत होते. भाऊ घरात आणि कारखान्यात भडगावकडची अहिराणीच बोलतात; तिच्यात 'शे' म्हणजे आहे आणि 'बठ्ठं' म्हणजे सगळं.

"तुम्हना पुस्तकमा बरं शे भो," ते म्हणाले. "बठ्ठं जागावर उभं राहस, नि एकच गोष्ट हालस."

"पप्पा, ते समजायला सोपं जावं म्हणून असतं."

"मंग आम्हले बी दोन दिवस सोपं करी द्या."

पुतणी हसली. भाऊ हसले नाहीत. इंदूरच्या व्यापाऱ्याचा फोन नुकताच येऊन गेला होता आणि त्याने माल पाठवू नका असे सांगितले होते.

त्याच आठवड्यात लहान कारखानदारांची बैठक ठरली. बैठक भावाच्या शेजारच्या शेडमध्ये झाली. तिथले मालक चोपड्याकडचे, वयाने भावापेक्षा मोठे, बारा लूम. सगळे त्यांना नाना म्हणतात. खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून लोक न खपलेल्या चटयांच्या गठ्ठ्यांवर बसले. भावाने मला बोलावून घेतले होते.

"तू लिहिनारा मानूस शे," ते म्हणाले. "काय ठरस ते लिखी ठेव. मंग कोनी पलटाले नको."

मुद्दा एकच होता. सगळेच विणत राहिले तर दिवाळीनंतर बाजारात इतका माल येईल की भाव पडेल. सगळ्यांनी मिळून थोडे थांबले तर भाव टिकेल. हे सगळ्यांना पटलेले होते. एकट्याने थांबले तर विणकर जातात, हेही सगळ्यांना माहीत होते. म्हणून थांबायचे तर एकाच दिवशी आणि सगळ्यांनी, असे ठरले.

दिवस कानबाईचा निघाला. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते, सोमवारी सकाळी तिचे विसर्जन होते. रोटाच्या, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या, जेवणाला भाऊबंद जमतात. ते दोन दिवस कारखाने तसेही बंद असतात. तोच बंद पुढे आठवडाभर लांबवायचा, असा ठराव झाला. नंतर महिनाभर एकच पाळी.

"बठ्ठासनी कानबाईनी आन ल्या," मागून कोणीतरी म्हणाले.

"माझ्या घरी कानबाई नाही," एक मारवाडी कारखानदार म्हणाले. "मी आमच्या कुलदेवीची घेतो. चालेल ना?"

"चाली, पन तुम्हनी देवी लूमना आवाज आयकस का?"

"आपल्यापेक्षा जास्त ऐकते!"

हशा झाला. मग कोणीतरी सुचवले की सगळ्यांनी शेडच्या किल्ल्या पत्रकाराकडे द्याव्यात. त्यावर नाना म्हणाले, "पत्रकार बिचारा किल्ल्या सांभाळी का पेपर काढी?" पुन्हा हशा झाला. किल्ली कोणी दिली नाही. मी ठराव लिहिला. सह्या झाल्या. सगळ्यांनी शपथ घेतली. चहा झाला आणि लोक गेले.

शनिवारी संध्याकाळी भावाने लूम थांबवले. रविवारी आमच्याकडे कानबाई बसली. रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतले होते, त्यात माझ्याही नावाचे. सोमवारी विसर्जन झाले. मंगळवारी भाऊ सवयीने कारखान्यात गेले आणि मला त्यांचा फोन आला. ये, एवढेच म्हणाले.

शेडमध्ये सगळे बंद होते. भिंतीपलीकडे, नानांच्या शेडमध्ये, लूम चालू होते. लुमाचा आवाज लपवता येत नाही. एक लूम चालला तर वेगळे ठोके ऐकू येतात. बारा चालले की ठोके वेगळे राहत नाहीत, भिंतच वाजते. त्या दिवशी भिंत वाजत होती. शेडच्या पुढच्या शटरला मात्र बाहेरून कुलूप होते.

भाऊ मागच्या बाजूला गेले आणि भिंतीवरून हाक मारली. नाना आले.

"नाना, आवाज काय शे?"

"मेंटेनन्स शे रे. लूम फिरावा नही ते गंज चढस."

"बाराच्या बारा गंजनात का?"

"हवा दमट शे ना!" नाना म्हणाले. मग भावाच्या खांद्यामागे, बंद शेडकडे पाहत त्यांनी विचारले, "तू खरंच बंद ठेवं का? अरे देवमानूस!"

नानांनी आवाज खाली आणला. त्यांचे म्हणणे असे होते की पलीकडच्या गल्लीतल्या दोघांनी रविवारीच, कानबाई बसलेली असताना, काडीचे यंत्र सुरू केले. ते चालू झाले म्हणून नानांनी केले. नंतर मी त्या दोघांना वेगवेगळे विचारले. दोघांनीही सांगितले की नाना चालू करणार अशी पक्की खबर मिळाली म्हणून त्यांनी आधी केले.

बुधवारी मी वसाहतीत फिरलो. ठरावावर सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांची शटरे खाली होती आणि बहुतेकांच्या आत लूम चालू होते. एका शेडबाहेर दाण्याची गाडी उतरत होती. मालक ओळखीचे होते. मी काही विचारण्याआधीच ते म्हणाले, "आता बघा, सगळे थांबले की पुढे मालाची टंचाई होणार. टंचाई झाली की भाव चढणार. मग तेव्हा आपल्याकडे माल नको?"

"पण तुम्हीही थांबणार होतात."

"सगळे थांबले तर मी एकटा चालू राहून काय फरक पडतो?"

पुतणीच्या पुस्तकात या प्रकाराला एक प्रकरण होते. मोजके उत्पादक एकत्र येऊन पुरवठा कमी ठेवायचे ठरवतात, तेव्हा ठराव मोडण्यात प्रत्येकाचा फायदा असतो, म्हणून असा ठराव टिकत नाही. संध्याकाळी तिने ते मला दाखवले. शेवटी एक आकृती होती आणि आकृतीखाली तीन प्रश्न. प्रश्नांमध्ये, ज्याने ठराव पाळला त्याचे काय होते, हा प्रश्न नव्हता.

त्याचे काय झाले ते गुरुवारी कळले. भावाचे विणकर कारखान्यामागच्या खोल्यांमध्ये राहत. त्यांचा मुख्य माणूस गोरखपूरकडचा होता, भावाकडे कित्येक वर्षे. तो ऑफिसात आला आणि उभाच राहिला.

"सेठ, हफ्ता बैठेंगे तो घर क्या भेजेंगे? बगलवाले बुला रहे हैं।"

भाऊ म्हणाले, सोमवारी सुरू करू. तो म्हणाला, सोमवार तक तो वहाँ जगह भर जाएगी. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. भावाने त्याला थांबवले नाही, बसून मजुरी देण्याची तयारीही दाखवली नाही. ती दिली असती तर वसाहतीतल्या प्रत्येक मालकाकडे तशी मागणी झाली असती आणि भावाला ते पुढे कोणी माफ केले नसते. शुक्रवारी खोल्या रिकाम्या झाल्या. सगळे नानांकडे गेले नाहीत. काही पलीकडच्या गल्लीत, दोघे सुरतेला.

सोमवारी ठरल्याप्रमाणे भावाने शेड उघडली. नवे विणकर मिळायला पंधरवडा गेला. मिळाले ते शिकाऊ होते. काडी तुटायची, काठ वाकडा यायचा. मागे पडलेले काम भरून काढायला भावाने दोन पाळ्या लावल्या. एका पाळीचा ठराव तोवर कोणी काढतही नव्हते. भाऊ स्वतः दुसऱ्या पाळीला उभे राहू लागले. मी एकदा विचारले की आता एवढे कशाला विणता.

"थांबसू ते हाईबी जातीन," ते म्हणाले. हे नवे विणकरही जातील, असे.

आश्विनात दाण्याचा भाव खाली आला. खनिज तेल उतरल्याची बातमी मीच लावली होती, पान सातवर, एक कॉलम. ज्यांची गोदामे महाग दाण्याच्या चटयांनी भरलेली होती त्यांच्यासाठी त्या बातमीचा अर्थ असा होता की आता कोणीही नवा माणूस त्यांच्यापेक्षा स्वस्तात चटई विणू शकतो. ठोक व्यापाऱ्यांना ते आधी कळले. त्यांनी भाव पाडून मागितला.

त्यानंतर काढणीच्या दिवसांत पाऊस झाला. मराठवाड्यात आणि विदर्भात कापूस, सोयाबीन भिजले. त्याचा चटईशी संबंध नागपूरच्या व्यापाऱ्याने भावाला फोनवर समजावून सांगितला. फोन स्पीकरवर होता.

"शेठ, गावात पैसा आला की चटई जाते. गावात पैसाच नाही आला. लग्न तर होईल, पण जुन्या चटईवर होईल."

"भाव कमी केला तर?"

"फुकट द्या, मग बघू!" व्यापारी हसला. मग म्हणाला, "नाराज होऊ नका. माझंही गोदाम भरलेलंच आहे."

पुतणी तेव्हा दुसरे पुस्तक वाचत होती, सगळ्या देशाच्या उत्पन्नाचे आणि खर्चाचे. एकाचा खर्च हे दुसऱ्याचे उत्पन्न असते, असे त्यात पहिल्याच प्रकरणात होते. त्या वेळी माझ्या चौकटीतही तेच चालू होते. व्याजदर, चलनवाढ, एकूण मागणी. महागाईचा दर घसरल्याची बातमी आली, ती दिलासादायक म्हणून पहिल्या पानावर गेली. त्या दिवशी भावाने पेपर वाचला आणि घडी घालून ठेवला.

दिवाळीनंतर माल हलला, पण सगळ्यांचाच एकदम हलला. ठराव करणारे सगळे एकाच वेळी त्याच तीन शहरांना फोन करत होते. व्यापारी प्रत्येकाला आधीच्यापेक्षा कमी भाव सांगत होते आणि प्रत्येक जण देत होता. नानांनीही दिला. त्यांचे विणकर जुने होते, माल सरळ होता, तो आधी गेला. भावाच्या शिकाऊ विणकरांच्या चटयांचे काठ पाहून इंदूरच्या व्यापाऱ्याने निम्मी गाडी परत पाठवली. गाडीभाडे भावाने भरले.

नोव्हेंबरच्या अखेरीस एका रविवारी भावाने पुतणीला ऑफिसात बोलावले. मी तिथे होतो. त्यांनी तिला सगळे तोंडी सांगितले: दाणा किती, सूत किती, मजुरी किती, वीज किती, आणि चटई आज काय भावाने जाते. तिने मोबाइलवर हिशेब केला. मग पुन्हा केला.

"मंग?" भाऊ म्हणाले. "तुना पुस्तकमा काय लिखेल शे?"

ती माझ्याकडे पाहू लागली. नियम मला माहीत होता, आठवड्यापूर्वी तो मी चौकटीत लिहिला होता. किंमत बदलत्या खर्चापेक्षा जास्त असेल तोवर तोटा झाला तरी कारखाना चालू ठेवावा, कारण भाडे आणि विजेचा स्थिर आकार बंद ठेवूनही द्यावाच लागतो. किंमत बदलत्या खर्चाच्याही खाली गेली की चालू ठेवण्यात रोज तोटा वाढतो.

"खाली गेली आहे पप्पा," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"म्हणजे बंद करायचं." मग ती म्हणाली, "पण ते अल्पकाळासाठी आहे. भाव सुधारला की परत सुरू करायचं असतं."

"नि नहीच सुधारना ते? लांबना हिशोब काय म्हनस?"

"दीर्घकाळात उद्योगातून बाहेर पडायचं."

भाऊ लुमांकडे वळले. ऑफिसाला काच आहे, तिथून आठही दिसतात. मग ते म्हणाले, "बराबर शे." पुतणी उठून बाहेर गेली. बाहेर ती रडत होती हे मला नंतर वहिनींनी सांगितले. मी पाहिले नाही.

सोमवारी भावाने विणकरांचे सगळे देणे चुकते केले. ते त्याच दिवशी खोल्या सोडून गेले. त्यातले किती वसाहतीतच राहिले हे कळू शकले नाही. पुढच्या आठवड्यात वीज बंद करण्याचा अर्ज दिला गेला.

नाना एकदा आले होते. त्यांनी चार लूम घेण्याची तयारी दाखवली. भावाने नाही म्हटले. नाना जाताना मला गेटपाशी थांबवून म्हणाले, "मी थांबतू ते मनं बी हाईच व्हतं. लिही घे तुना पेपरमा." ते थांबले असते तर त्यांचीही हीच गत झाली असती, असे त्यांचे म्हणणे. मी ते छापले नाही. बैठकीच्या ठरावाची बातमीही आम्ही कधी छापली नव्हती.

गोदामातला माल भावाने गावोगावच्या आठवडी बाजारात बसणाऱ्या विक्रेत्यांना गठ्ठ्याने दिला. जानेवारीत धुळ्याच्या एका जुन्या यंत्रांच्या व्यापाऱ्याशी लुमांचा सौदा झाला. त्याने सहा घेतले, तेही विकले गेल्यावर पैसे देण्याच्या बोलीवर. दोन लुमांना त्याने हात लावून पाहिले आणि ठेवा म्हणाला. ते जागेवरच तोडून भंगाराच्या वजनाने गेले.

सहा लूम दोन गाड्यांमध्ये चढवले. भाऊ पहिल्या गाडीत पुढे बसले, मी दुसऱ्या. धुळ्यात महामार्गाजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ते उतरवण्यात आले. तिथे आधीचे लूम होते. भावाने ओळखले, काही चटईचेच होते आणि जळगावहूनच आलेले होते. कोणाचे, असे त्यांनी व्यापाऱ्याला विचारले. त्याने दोन नावे सांगितली. दोघेही श्रावणातल्या बैठकीला होते.

"आता कुठे जातात हे?" मी विचारले.

"जात नाहीत," व्यापारी म्हणाला. "पूर्वी बाहेरच्या राज्यातून माणसं यायची. हल्ली फोटो मागवतात आणि भाव विचारून गप्प बसतात."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका कामासाठी धुळ्याला गेलो होतो, तेव्हा शेडमध्ये डोकावलो. भावाचे सहाही लूम तिथेच होते. ताडपत्रीने झाकलेले होते. गिऱ्हाईक आलेले नव्हते.